खोली बदलून मिळणेबाबत

तीस वर्षं मी कुलपांशी भांडले. लोकांना वाटतं, वसतिगृहाची मेट्रन म्हणजे पोरींवर डाफरणारी बाई. तेही केलं, नाही कशाला म्हणू? पण माझं खरं वैर खाऱ्या वाऱ्याशी. मी बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातली. आमच्याकडं आजोबाची कुऱ्हाड नातू वापरतो, तरी तिला काही होत नाही. आणि तिथं, कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या त्या विद्यापीठात, नवं कुलूप लावलं की वर्ष सरायच्या आत किल्ली फिरायची बंद. खिडकीच्या बिजागऱ्या, पंखे, पलंगाच्या पट्ट्या, बाथरूमच्या कड्या, सगळं गंजून हातात यायचं. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. माझी पेन्शन तिथूनच येते.

नवरा तिथं वायरमन होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला मुलींच्या वसतिगृहात घेतलं, आधी झाडलोटीला, मग भांडारात, शेवटी मेट्रन. एवढंच माझं चरित्र. बढत्या-बिढत्या सांगून तुमचा दिवाळीचा फराळ कशाला बेचव करू?

मेट्रनचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर सोपं आहे. तीन मजले, प्रत्येक खोलीत दोन पलंग, दोन टेबलं, एक पंखा, एक खिडकी. वर्षाच्या सुरुवातीला खोल्या वाटायच्या. मग वर्षभर मोडलेलं दुरुस्त करायचं, तुंबलेलं काढायचं, पावसाळ्यात ओले कपडे वाळवायला वेगळी खोली उघडून द्यायची, तापानं फणफणलेल्या पोरीला दवाखान्यात न्यायचं, आणि घरून आलेल्या माणसांना चहा पाजून, समजूत काढून परत पाठवायचं. प्रत्येक गोष्टीला फॉर्म. खोली मिळण्याचा वेगळा, बदलण्याचा वेगळा, सोडण्याचा वेगळा. फॉर्म नीट भरलेला असला की माझ्या टेबलावर काम अडत नसे, ही माझी ख्याती होती. सुतार सांगितल्या दिवशी यायचा. वीजवाला माझा आवाज फोनवर ऐकूनच शिडी उचलायचा. दुसऱ्या वसतिगृहांच्या बाया मला विचारायच्या, अक्का, तुमच्याकडंच कशी काय कामं होतात? मी म्हणायची, तोंड चालवा, आपोआप होतात.

आमच्या भागातल्या पोरी तिथं दरवर्षी यायच्या. बिदर, कलबुर्गी, औराद, कमलनगर. आल्या की पहिला महिना नुसता रडण्याचा. एक हळ्ळीखेडची पोरगी तिसऱ्या दिवशी डोळे सुजवून ऑफिसात आली. म्हणाली, "अक्का, हितनं लॉऱ्या कामून जायल्यात सारख्या? झोपच येईना." मी तिला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि समुद्र दाखवला. तिला खरंच वाटेना की हा आवाज पाण्याचा आहे. एका पोरीचे वडील ज्वारीच्या पिठाची पन्नास किलोची गोणी घेऊन आले आणि मला म्हणाले, मेसवाल्याला भाकरी शिकवा, नाहीतर मी राहून शिकवतो. खरंच दोन दिवस राहिले. मेसवाला भात आणि माशाची आमटी सोडून काही करायला तयार नव्हता. शेवटी दोघं भांडले, आणि ती गोणी माझ्या भांडारात किडे पडेपर्यंत पडून राहिली.

हसायला बरं वाटतं आता. पण या रडण्यापायी दरवर्षी दोन-चार पोरी सामान बांधून परत जायच्या. कारण काय? भात सोसत नाही, भाषा कळत नाही. आपली कन्नड त्यांना हसण्यासारखी वाटते, त्यांची आपल्याला अर्धी कळत नाही, आणि मराठी बोलायला तर कुत्रं नाही. म्हणून मी एक पद्धत पाडली. कुठल्याही नियमात ती लिहिलेली नव्हती, माझ्या डोक्यातली होती. तालुक्याला तालुका, आणि जमलं तर गावाला गाव. एकाच बाजूच्या दोन पोरी एका खोलीत टाकायच्या. एकीचा चिवडा दोघी खातात. एकीला बरं नसलं तर दुसरी घरी आपल्या भाषेत फोन करते. सुटीला एकाच गाडीनं जातात, आईबापाच्या जिवाला घोर नाही. पद्धत लागू पडली. परत जाणाऱ्या पोरी जवळजवळ थांबल्या. वॉर्डन मॅडमनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मला त्या पद्धतीचा असा ताठा होता की काय सांगू.

त्याच पद्धतीत वैशालीचं वाटोळं झालं.

ती आणि ऋतुजा एकाच गावच्या. गाव कमलनगरपासून जीपनं अर्ध्या तासावर. ऋतुजा एम.कॉम.ला आली होती. घर मोठ्या बागायतदाराचं, गावात शब्दाला वजन. वैशाली बौद्ध वस्तीतली. तिला सागरी जीवशास्त्राला प्रवेश मिळाला होता. ज्या पोरीनं समुद्र फक्त मोबाइलवर बघितलेला, ती समुद्रातल्या किड्यामुंग्यांचा अभ्यास करायला आलेली. तिचे वडील पोहोचवायला आले तेव्हा माझ्यासमोर उभे राहून हसत होते. "अक्का, आमच्या हिरीला पानी न्हाई, आन् ही समुद्र शिकायली बगा." केवढा आनंद त्या माणसाच्या तोंडावर! वस्तीतली एम.एस्सी. करणारी ती पहिली मुलगी. तिची आई ऋतुजाच्या घरच्या शेतात कामाला जायची. खुरपणी, वेचणी, वर्षभर तेच.

मी दोघींना वरच्या मजल्यावरची चौदा नंबरची खोली दिली.

पहिल्या महिन्यात खोल्या तपासायला गेले. बघते तर वैशालीच्या पलंगावर ऋतुजाच्या दोन बॅगा, लाडवाचा डबा, कपड्यांचा ढीग, आणि वैशालीची गादी खाली फरशीवर. मी म्हटलं, पलंग सामान ठेवायला दिलाय काय? ऋतुजा म्हणाली, "अक्का, तिला खालीच झोप लागती. घरी तशीच सवय हाय." वैशाली हसली. "व्हय अक्का, मला खालीच बरं वाटतंय." मी रजिस्टरमध्ये लिहिलं, खोली ठीक.

दोघी एका वर्षाच्या, पण वैशाली तिला ऋतुजाताई म्हणायची आणि ऋतुजा हिला वैशे. सकाळी गरम पाण्याच्या रांगेत वैशाली दोन बादल्या घेऊन उभी असायची. मेसमधून दोन ताटं आणायची. ऋतुजाचे कपडे तिच्या दोरीवर दिसायचे. ऋतुजा वाईट पोरगी नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. कधी तिच्यावर ओरडली नाही. आपल्या डब्यातले लाडू द्यायची, जुने पंजाबी ड्रेस द्यायची. तिला हे सगळं असंच असतं असं वाटायचं. आणि मी जिन्यातून जाताना म्हणायची, बघा कशा बहिणीसारख्या राहतात.

मग पहिला अर्ज आला. विषय: खोली बदलून मिळणेबाबत. कारणाच्या रकान्यात वैशालीनं सुंदर अक्षरात लिहिलं होतं, खिडकी उघडत नाही, हवा येत नाही. मी काय करावं? बाबण्णा सुताराला बोलावलं आणि त्याच दिवशी खिडकी दुरुस्त करून घेतली. बिजागऱ्या पितळेच्या घातल्या, गंज धरू नये म्हणून. अर्जावर शेरा मारला, तक्रार दूर केली, खोली बदलण्याची गरज नाही.

पंधरा दिवसांनी दुसरा. पंखा आवाज करतो, अभ्यास होत नाही. त्या विद्यापीठात नवा पंखा मिळवायचा म्हणजे चार टेबलांवर डोकं आपटायचं. मी आपटलं. वीज विभागातल्या साहेबाशी एवढी भांडले की त्यानं स्वतःच्या ऑफिसचा पंखा काढून दिला. तो पंखा चौदा नंबरला लावला. मी स्वतः खाली उभी राहून बघितलं. आवाज नाही. खूश झाले.

तिसरा अर्ज आला, पलंग डगमगतो. नवा पलंग पाठवला. आता तुम्ही म्हणाल, अहो बाई, जी पोरगी फरशीवर झोपते तिला पलंग डगमगलेला कळतो कसा? मला हा प्रश्न पडला नाही. शपथ घेऊन सांगते, पडला नाही. माझ्यासमोर तक्रार होती आणि तक्रार दूर करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

पलंग चढवून झाल्यावर मी तिला ऑफिसात बोलावलं आणि फैलावर घेतलं. "काय गं, राजवाडा पाहिजे का तुला? खिडकी झाली, पंखा झाला, पलंग झाला. आता काय?"

"कायी न्हाई अक्का. दुसरी खोली पायजे."

"कामून?"

तिनं दाराकडं बघितलं. ऋतुजा बाटलीत पाणी भरून घ्यायला आली होती आणि तिथंच उभी होती. वैशाली म्हणाली, "कायी न्हाई. उगंच." आणि गेली. चौथा अर्ज आला नाही.

एकदा मात्र ती एकटी आली होती. मी भांडारात गाद्या मोजत होते. दुपारची वेळ, आजूबाजूला कुणी नाही. ती एका गादीच्या गठ्ठ्यावर बसली आणि बोलायला लागली. तिचे शब्द मला तसेच आठवतात. "अक्का, वर्गात कुनाला म्हाईतच न्हाई मी कुनाची हाव ते. तिथं मी नुसती वैशाली हाव. सर मला परश्न इचारतेत, पोरी माझी वही मागतेत. आन् खोलीत गेलं की गावच हाय. काय खाल्लं, कुठं गेलती, कुनासंगं बोलली, समदं संध्याकाळी फोनवर तिकडं जातंय. तिची माय शेतात माझ्या मायला सांगती. माझी माय मला फोन करून रडती." मी म्हटलं, "मग तू ऋतुजाला सांग ना तसं." तिनं गादीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. म्हणाली, "आमच्या दीड एकराची वाट त्येंच्या बांधावरून हाय, अक्का." तेवढ्यात खालून हाक आली, तळमजल्यावरची मोरी तुंबली म्हणून. मी उठले. म्हटलं, थांब, आलेच. मोरी काढून परत आले तेव्हा ती गेली होती. मी तिला शोधायला गेले नाही.

नंतर तो फोटो निघाला. ओहोटीच्या वेळी तिच्या वर्गातल्या पोरापोरींना सर खडकांवर घेऊन जायचे. शंख, खेकडे, चिकटलेल्या शिंपल्या, काय काय गोळा करायचे. ऋतुजा एक दिवस गंमत म्हणून बघायला गेली. तिनं फोटो काढला. वैशाली सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी आहे, ओंजळीत काहीतरी धरलंय, शेजारी वर्गातला एक पोरगा बादली धरून उभा आहे, आणि दोघंही हसतायत. मी तो फोटो बघितला आहे. तीस वर्षांत तिथं आलेल्या आमच्याकडच्या एकाही पोरीला मी इतकं खूश बघितलं नव्हतं. ऋतुजानं तो आपल्या आईला पाठवला. खाली लिहिलं, बघ आपली वैशी खेकडे धरायली.

आईनं तो दुसऱ्या दिवशी तुरीच्या रानात वैशालीच्या आईसमोर धरला. तिथून तो चार बायकांच्या मोबाइलवर गेला आणि दोन दिवसांत गावभर झाला. वैशालीच्या चुलत्यानं घरी येऊन तमाशा केला. मालकीणबाईंनी, म्हणजे ऋतुजाच्या आईनं, निरोप दिला, पोरगी हाताबाहेर जायली, बोलावून घ्या, आमच्या पोरीचंबी नाव खराब व्हायलंय.

वैशालीचे वडील दोन गाड्या बदलून आले. तेच वडील. पण तोंडावरचा रंग सगळा उडालेला. त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "अक्का, न्यायला आलाव."

मी म्हटलं, परीक्षा पंधरा दिवसांवर आली, परीक्षा तरी देऊ द्या. ते म्हणाले, "माझं मन न्हाई हो. माझं काय चालतंय तिथं? भाऊ ऐकंना, तिची माय कामावर जायची बंद झाली. बोलतेत लोकं." वैशाली शेजारी उभी होती. रडत नव्हती. बापाच्या हातातल्या पिशवीकडं बघत होती.

आता इथं एक नियम सांगते. मुलगी सज्ञान असेल आणि मध्येच वसतिगृह सोडत असेल, तर मेट्रननं तिला बाजूला घेऊन, घरच्या माणसांना बाहेर बसवून, एकटीला विचारायचं: तुझी मर्जी आहे का? ती नाही म्हणाली तर फॉर्म भरायचा नाही, वॉर्डनला कळवायचं, आणि वॉर्डननं घरच्यांशी बोलायचं. हा नियम चांगला आहे. मी दुसऱ्या पोरींच्या बाबतीत तो दोनदा वापरला होता. एकीच्या भावाला तर मी फाटकाबाहेर काढलं होतं.

त्या दिवशी मी फॉर्म काढला. विद्यार्थिनीचं नाव, खोली नंबर, गादी, किल्ली, टेबल परत. वसतिगृह सोडण्याचं कारण. तिथं मी माझ्या हातानं लिहिलं, स्वखुशीने. तिच्यापुढं फॉर्म सरकवला, पेन दिलं, बोट ठेवून दाखवलं, इथं सही. दहा मिनिटांत काम झालं. जाताना ती म्हणाली, "अक्का, खिडकी लई चांगली करून दिलती तुमी." तिला टोमणा मारायचा होता की खरंच आभार मानायचे होते, मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, संभाळून जा.

ऋतुजा त्या दिवशी माझ्याकडं येऊन हमसून हमसून रडली. "मी नुसता फोटो पाठवला हो अक्का. मला काय म्हाईत आसं हुईल?" मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. रडणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मंग आता माझ्यासंगं कोन ऱ्हायचं?" मी तिला किनाऱ्यावरची एक पोरगी दिली, कोळ्याच्या घरची, तोंडाची तिखट. आठवड्यात त्यांचं भांडण माझ्या ऑफिसात आलं. ती पोरगी म्हणाली, आपला कप आपण धुवायचा एवढंच मी हिला सांगितलं, तर ही रडते.

ऋतुजाचं एम.कॉम. झालं, लग्न झालं. मी रिटायर झाले आणि कमलनगरात आले. धाकट्या मुलाचं इथं खताचं दुकान आहे. त्याचं लग्न ऋतुजाच्या चुलत बहिणीशी झालं. सोयरीक त्यांच्याकडूनच आली, मला ओळखत होते ना. सून गुणाची आहे. दिवाळीला त्या घरून डबे येतात, हरभऱ्याच्या दिवसांत डहाळे येतात. म्हातारपणी माणसाला आणखी काय पाहिजे?

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण अजून जिवंत आहोत हे मशिनवर अंगठा ठेवून सांगायचं. बसस्टँडजवळ एक झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान आहे, तिथं गेले. टेबलामागं बसलेली बाई मान खाली घालून कुणाचा तरी प्रवेशाचा फॉर्म भरत होती. मी आधार कार्ड पुढं केलं. तिनं नाव वाचलं आणि वर बघितलं.

"अक्का," ती म्हणाली, "अंगठा जरा दाबून ठिवा."

वैशाली. लग्न झालेलं नव्हतं. जमवलेलं मोडलं होतं, फोटोपायीच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे फॉर्म भरायची. माझं काम झालं तरी मी उठले नाही. म्हटलं, बाई, तुझं शिक्षण राहिलं. मला जमण्यासारखं काही असलं तर सांग. हे आपण बोलतो ना, बोलायचं म्हणून, तसंच बोलले. तिनं ड्रॉवर उघडला आणि एक फाइल काढून माझ्यापुढं ठेवली. जणू मी कधीतरी येणार हे तिला माहीत होतं.

तिच्या सरांशी तिचं बोलणं चालू होतं. सर म्हणत होते, मधली वर्षं माफ करून परत प्रवेश देता येतो, पण मुदत याच वर्षीची, पुढच्या वर्षी नाव कायमचं कमी होणार. आणि वसतिगृहाच्या फॉर्मवर स्वखुशीने लिहिलेलं आहे, त्यामुळं विद्यापीठाची समिती म्हणते, आपल्या मर्जीनं सोडून गेलेल्या मुलीला सवलत कशाला? ती गेली नाही, तिला नेलं, असं तेव्हाच्या मेट्रननं लेखी दिलं तर काम होतंय. बस, एक पत्र. माझ्या सहीचं.

मी म्हटलं, आत्ता देते, कागद आण. तिथंच बसून लिहिलं की कौटुंबिक अडचणीमुळे सदर विद्यार्थिनीस शिक्षण सोडावे लागले. तिनं वाचलं आणि कागद परत दिला.

"ह्यानं हुत न्हाई अक्का. सर म्हनलेत, जे झालं ते लिवा. मी तीनदा खोली मागितली, तुमी दिली न्हाई, ते लिवा. अप्पा न्यायला आले त्या दिशी मला एकटीला इचारलं न्हाई, ते लिवा." तिनं पेन माझ्याकडं सरकवलं. "आन् मला त्या खोलीत कुनी टाकलं, तेबी लिवा."

मी म्हटलं, "अगं, माझी पद्धतच होती ती. गावाला गाव."

"ऋतुजाताईनं पयल्याच हप्त्यात सांगितलंतं मला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

इथवर लिहिताना एक गोष्ट मी गाळली. खोल्या वाटायच्या आधी मला एक फोन आला होता. ऋतुजाच्या आईचा. कुणाकडून तरी माझा नंबर घेतलेला. "अक्का, आमची ऋतू कधी एकटी ऱ्हायली न्हाई. आमच्या कामावरच्या बाईची पोरगी यायली तिथं, तिच्याच खोलीत टाका तिला. तेवढंच हाताखाली हुईल, आन् लक्षबी ऱ्हाईल." मी म्हटलं, व्हय की, त्यात काय, टाकते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याही घरी कामाला बाया यायच्या, त्यांच्या पोरी आमच्या हाताखाली असायच्या. पद्धत माझीच होती, पण त्या दोघींच्या बाबतीत मी ती वापरली नाही. मी सांगितलेलं काम केलं. आणि ज्या बाईनं त्या खोलीत टाकलं तिच्याकडंच ती पोरगी खोली बदलून मागायला येत होती, सगळं माहीत असून. ती कारण लिहिणार कसं? ती खिडकीच लिहिणार.

मी पत्र घरी लिहिते म्हणून कोरा कागद घेऊन आले. दोन दिवस लिहिलं. एक पान झालं, त्यात सगळं होतं, फोनसुद्धा. तिसऱ्या दिवशी मुलानं वाचलं. म्हणाला, "आई, हे विद्यापीठातून त्यांच्या घरी जाणार न्हाई कशावरून? ऋतुजाच्या सासरी काय वाटंल? आन् हिचं काय?" हिचं म्हणजे सुनेचं. सातवा महिना लागलाय, बाळंतपणाला माहेरी जायची आहे, त्याच घरी. "आन् ती पोरगी चांगली कामाला हाय की आता. उपाशी हाय का?" सून आतून चहा घेऊन आली आणि विचारलं, काय लिवायलाव आत्या? मी कागद उशीखाली सारला आणि म्हटलं, काही नाही, पेन्शनचं.

मुदतीला सहा दिवस होते. मग चार. वैशालीचा फोन आला नाही. तिनं मला एकदाही आठवण करून दिली नाही. मी रोज ठरवायची, उद्या नेऊन देते. औषध आणायला बसस्टँडकडं जायचं होतं तर मागच्या गल्लीतून वळसा घालून गेले, तिचं दुकान नको म्हणून. शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत घड्याळाकडं बघत बसले. पाच वाजले. मी उठून भाजी निवडायला घेतली.

ते पत्र एका पानाचं होतं. हे त्याच्या कितीतरी पट झालं, आणि लिहिताना हात अडला नाही, कारण हे कुठल्याच समितीपुढं जाणार नाही. मुलींची नावं मी बदलली आहेत. खोलीचा नंबर चौदा नव्हता. गाव कुठल्या बाजूला ते खरं लिहिलेलं नाही. हा दिवाळी अंक घरी येईल तेव्हा सून वाचेलच, तिला वाचायची आवड आहे. ती विचारेल, आत्या, ह्या कुठल्या पोरी? तर दुसऱ्याच कुठल्या तरी तालुक्यातल्या होत्या, असं मी सांगणार आहे.